दारापासून धक्क्यापर्यंत: सामायिक गाडीचा हिशेब

आखातात जाणाऱ्या मुलाला सहार विमानतळावर पोहोचवणारी 'डोअर टू डोअर' गाडी कोकणातील आपल्या बांधवांना नवी नाही. म्हसळा, श्रीवर्धन, महाड, चिपळूण येथील वाहनधारक वर्षानुवर्षे हा व्यवसाय करीत आहेत. चालक घरोघरी फिरतो, बॅगा उचलतो, माणशी भाडे घेतो आणि विमानतळाच्या दारात उतरवतो. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे पर्यटकांची जहाजे नियमित निघू लागली, तेव्हा याच गाड्यांना बंदराचेही गिऱ्हाईक मिळू लागले. १९९५ पर्यंत मुंबईहून हजची जहाजे जिद्दाला जात होती. त्यानंतर बंदराच्या वेळा पाळून घर सोडण्याची सवय आपल्याकडे जवळजवळ मोडलीच. (जहाजावर काय चालते आणि त्यात काय योग्य, याचा निर्णय वाचकांनी आपला आपण घ्यावा, आमचा विषय धक्क्यापर्यंतच आहे.)

घोटाळा होतो तो इथे. गाडी तीच, चालक तोच, पण ठिकाण वेगळे. सहार उपनगरात, तर बॅलार्ड पिअर शहराच्या दक्षिण टोकाला. दोहोंत सुमारे २५ किलोमीटरचे अंतर आहे. पनवेलहून बंदराकडे जाणाऱ्याला जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू सोयीचा. तो शिवडीला उतरवतो आणि तेथून बॅलार्ड पिअर जवळ आहे. विमानतळाची गाडी मात्र वाशी, चेंबूरमार्गे जाते. दोन्ही प्रकारचे प्रवासी एकाच गाडीत बसवले की कोणीतरी एकजण उलट्या वाटेने फिरणारच. आमच्या परिचयातील रायगडच्या एका कुटुंबाचे असेच झाले. चालकाने आधी विमानाच्या दोघांना सोडले, पुढे शहरातील गर्दी लागली आणि ही मंडळी पोहोचली तेव्हा खिडकी बंद झाली होती. जहाज धक्क्यालाच उभे होते, तिकिटाचे पैसे मात्र गेले.

म्हणून जागा ठरवताना पहिला प्रश्न भाड्याचा नसावा. गाडीत आणखी कोण आहे आणि आधी कोण उतरणार, हे विचारावे. दुसरे असे की, चालकाला जहाज सुटण्याची वेळ सांगू नये. तिकिटावर प्रवेश बंद होण्याची वेळ छापलेली असते, ती सांगावी. जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी प्रवेश थांबतो. सहा घरांतून माणसे घ्यायची आणि प्रत्येक दारात पंधरा मिनिटे गेली, तर दीड तास गावातच संपतो. पहिल्या घरच्याला सर्वांत लवकर निघावे लागते, शेवटच्या घरच्याला उशिराचा धोका सर्वांत जास्त. पत्ताही नेमका द्यावा: बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट. नुसते 'बंदर' म्हटले तर चालक माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडेल. तेथून मांडव्याची रो-रो सुटते.

आता पैशांचे बघू. समजा, पूर्ण गाडी सहा हजारांना आणि जागा माणशी एक हजाराला मिळते. एकट्यादुकट्याला जागा घेणेच परवडते. चौघांचे कुटुंब असेल तर बचत फक्त दोन हजारांची, आणि तेवढ्यासाठी चौघांची तिकिटे पणाला लागतात. अशा कुटुंबाने पूर्ण गाडीच करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. टोल भाड्यात धरला आहे का, हे आधीच विचारावे. सामानाचेही तसेच. सात आसनी गाडीत मागची ओळ भरली की डिकी नावापुरती उरते. सहा जणांच्या मोठ्या बॅगा टपावरच जातात. पावसाळ्यात ताडपत्री आहे ना, ते पाहावे.

वाहनधारक तरुणांसाठी चार शब्द. माणशी वेगळे भाडे घेणे बेकायदा आहे, असा समज आढळतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात टॅक्सी आणि बारा प्रवाशांपर्यंतची मॅक्सीकॅब यांची व्याख्या करताना वेगळे भाडे गृहीत धरलेले आहे. परवान्याच्या अटी तेवढ्या आरटीओत तपासून घ्याव्यात. खरा प्रश्न आहे तो पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीचा. तिच्यातून भाड्याचे प्रवासी नेताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येतो. हप्त्यांवर घेतलेली गाडी आणि वर हा दावा, असे दुहेरी ओझे कोणत्या घराला पेलणार? प्रवाशांनीही पिवळी पाटी, काळी अक्षरे पाहूनच बसावे. संकोच वाटण्याचे कारण नाही.

परतीची जागा जाताना ठरवली असली तरी तिची वेळ सैल ठेवावी. जहाज सकाळी लागते, पण प्रवाशांना गटागटाने उतरवतात आणि सामान हाती यायला वेळ लागतो. पहिला उतरलेला शेवटच्यासाठी फाटकाबाहेर उन्हात थांबतो. गाडी किती वेळ थांबेल आणि त्यापुढे थांबण्याचे पैसे कोण देईल, हे चालकाकडून मोबाइलवर लिहून घ्यावे.