दोन ठशांचे नाणे

जुने नाणे हाती आले म्हणजे आपण पहिल्यांदा विचारतो, "हे कोणत्या राजाचे?" प्रश्न साहजिक आहे, आणि बहुतेक नाण्यांच्या बाबतीत त्याचे उत्तरही एकच असते. पण काही नाणी निराळी असतात. त्यांच्यावर पहिला ठसा टाकसाळीत बसला, मग ती बाजारात हिंडली, आणि पुढे केव्हातरी दुसऱ्याच कोणी त्यांच्यावर आपला ठसा मारला. अशा नाण्याला "तू कोणाचे?" असे विचारले तर ते दोन नावे सांगते. संग्रहाच्या वहीत मात्र रकाना एकच! मग नोंद कोणाच्या नावावर करावयाची?

हा केवळ वस्तुसंग्रहालयातल्या मंडळींचा प्रश्न आहे असे समजू नका. आमचे कारधा वैनगंगेच्या काठी आहे. ह्याच नदीच्या खालच्या अंगाला पवनी आहे. तेथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी उत्खनन करून प्राचीन स्तूपांचे अवशेष उजेडात आणले. अशा जुन्या वस्तीच्या मुलखात नांगराच्या फाळाला किंवा पायाच्या खणतीत एखादे नाणे लागणे अशक्य नाही. आणि त्यावर दोन ठसे असले, की पाहणारा म्हणतो, "हे बिघडलेले दिसते." मग ते चिंचेने घासले जाते, नाहीतर सोनाराच्या मुशीत जाते. दुसरा ठसा म्हणजे बिघाड नव्हे. पुष्कळदा तोच नाण्याचा सर्वांत मोलाचा भाग असतो. कसा, ते पाहू.

दुसरा ठसा मारण्याची मुख्य कारणे तीन. पहिले कारण सराफाचे. पूर्वी रुपया मोजून घेण्याआधी पारखून घेत. चांदी खरी की खोटी, वजन पुरे की कमी, हे पाहून मगच बट्टा ठरे. पोतदार हे आपल्याकडचे आडनाव ह्याच पारखीच्या कामावरून पडले. पारख झाली म्हणजे सराफ आपल्या खुणेचा बारीक ठसा नाण्यावर उमटवी.

दुसरे कारण सरकारचे. परके नाणे आपल्या राज्यात चालवावयाचे असले तर ते वितळवून नवे पाडण्यापेक्षा त्यावर लहानसा ठसा मारणे स्वस्त पडते. इंग्लंडमध्ये १७९७ साली चांदीची टंचाई झाली, तेव्हा बँक ऑफ इंग्लंडने स्पेनच्या डॉलरवर तिसऱ्या जॉर्जचे चिमुकले मस्तक उमटवून ते ४ शिलिंग ९ पेन्सांना चलनात आणले. स्पेनच्या राजाच्या मानेवर इंग्लंडचा राजा बसला!

तिसरे कारण विजयाचे. येथे ठसा लहान नसतो. जिंकणारा राजा हरलेल्याच्या नाण्याच्या दोन्ही बाजू आपल्या साच्याने झाकून टाकतो. ह्याचे जगप्रसिद्ध उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. नाणी १३ हजारांहून अधिक. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची: एका बाजूला राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. पण त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेला होता. एका अंगाला कमानींचा चैत्य व भोवती राजाचे नाव, दुसऱ्या अंगाला ज्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात ते. वरच्या ठशाखालून नहपानाचे नाक, कान, एखादे अक्षर डोकावते आहेच.

आता ह्याचा अर्थ काय झाला, बघा. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश उखडून टाकला असे तो सांगतो. पण हरवला तो खुद्द नहपान, की त्याचा कोणी वारस? ह्या साठ्यात दोघांच्या मधल्या कोणत्याही राजाचे नाणे नाही. नहपानाच्या ठशावर थेट गौतमीपुत्राचा ठसा. म्हणून विद्वानांनी ठरविले की पराभव झाला तो नहपानाचाच असला पाहिजे. शिलालेखाने जे मोघम सांगितले होते ते नाण्यांनी नेमके केले.

समजा, कोणी कारकुनाने ही ९ हजार नाणी नुसती "गौतमीपुत्र" म्हणून नोंदली असती, तर नहपान बुडाला असता. नुसती "नहपान" म्हणून नोंदली असती, तर विजय बुडाला असता. इतिहास आहे तो दोन्ही ठशांत आणि त्यांच्या क्रमात. तेव्हा नोंदीचा पहिला नियम हाच: ठसे दोन तर रकाने दोन. "मूळ ठसा" वेगळा, "वरचा ठसा" वेगळा.

मूळ ठशाच्या रकान्यात राजा, टाकसाळ, सन आणि वाचता येणारी अक्षरे लिहावी. जी वाचता येत नाहीत ती अंदाजाने भरू नयेत. वरच्या ठशाच्या रकान्यात त्याचा आकार, मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी आणि आतली खूण लिहावी. जागा सांगण्यास घड्याळाची रीत सोपी: मूळ चित्र उभे धरावे आणि खूण बारावर आहे की चारवर, सुलटी की उलटी, ते लिहावे. धातू, वजन आणि व्यास हे नेहमीप्रमाणे.

झिजेची नोंदही दोनदा करावी. मूळ ठसा झिजून गुळगुळीत आणि वरचा ठसा ताजा असेल, तर नाणे बरेच हिंडल्यावर खूण बसली आणि नंतर ते फारसे वापरले गेले नाही. दोन्ही सारखेच झिजलेले असतील तर नाणे पुढेही बराच काळ चालत राहिले. खूण जोराने मारली की बहुधा बरोबर पाठीमागची जागा चेपून सपाट होते. तीही पाहून ठेवावी. खुणेच्या आतली धातू चकचकीत आणि बाकीचे नाणे काळवंडलेले असेल तर ती खूण कोणी अलीकडे मारली असल्याचा संशय घ्यावा. नाणे घासून लख्ख केले की हे सगळे पुरावे जातात, बरं का!

मग नाणे ठेवावयाचे कोणत्या कप्प्यात? माझे मत असे: सराफाची खूण असेल तर नाणे मूळ राजाच्याच कप्प्यात राहावे, कारण सराफाने त्याचे राज्य बदललेले नाही. सरकारी किंवा विजेत्याचा ठसा असेल तर ज्याच्या नावाने ते शेवटी चालले त्याच्या कप्प्यात जावे. दुसऱ्या नावाखाली मात्र "अमुक क्रमांक पाहा" अशी चिठ्ठी हवीच. म्हणजे दोन्ही वाटांनी येणाऱ्याला नाणे सापडते.

सराफाच्या खुणा म्हणजे किरकोळ गोष्ट, असेही मानू नये. गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तक्षशिलेची आहत नाणी एकेक करून वजन केली. मागील बाजूच्या बारीक खुणा जसजशा वाढत जातात तसतसे सरासरी वजन घटत जाते, असे त्यांना आढळले. म्हणजे खुणा मोजल्या की नाणे किती काळ चलनात होते त्याचा माग लागतो.

अर्थात हे सारे साध्य होते ते साठा एकत्र राहिला तर. विदर्भातल्या तऱ्हाळा गावी १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा साठा मिळाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो समग्र तपासला, म्हणून पुराणांत नसलेल्या कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशा राजांची नावे कळली. तीच नाणी दहा दुकानांत विखुरली असती तर?

१८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. काय सापडले, कोठे आणि केव्हा, एवढे त्यात सांगावयाचे. हीच तीन उत्तरे अभ्यासकालाही हवी असतात. तेव्हा वाचकहो, उद्या तुमच्या शेतात दोन ठशांचे नाणे निघाले तर ते धुऊ नका, घासू नका, भोवतीच्या नाण्यांपासून वेगळे करू नका. चांदीची किंमत सोनार सांगेल; पण कोणाच्या नावावर कोणी नाव घातले, हे त्या नाण्याखेरीज दुसरे कोणी सांगणार नाही.