नादारी आली तरी पेन्शन जप्त होत नाही

गेल्या पावसाळ्यात एक वयस्कर गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, मुदत ठेवीची पावती आणि न्यायालयाची नोटीस. 34 वर्षे नगरपरिषदेची गटारे उपसून निवृत्त झालेला हा माणूस. ‘जयभीम साहेब, माझं दिवाळं निघालं,’ एवढेच म्हणाले आणि मान खाली घालून बसले.

स्वतःसाठी त्यांनी एक रुपया कर्ज काढले नव्हते. सोबतच्या कामगाराला ते जामीन राहिले होते. तो कामगार वारला, हप्ते थकले आणि बँकेने जामीनदारावर हुकूमनामा मिळवून दरखास्त लावली. जप्तीसाठी बोट कशावर ठेवले, तर ग्रॅच्युइटीच्या पैशातून केलेल्या ठेवीवर. ठेव त्याच बँकेत असल्याने काम सोपे. ‘पैसे तुमच्या हातात पडले, तुम्ही ठेव केली, आता ती ग्रॅच्युइटी राहिली नाही,’ असे त्यांना सुनावण्यात आले. वर जामिनाच्या वेळी सही घेतलेला कागद दाखवला : निवृत्तीच्या रकमेतून वसुली करण्यास माझी हरकत नाही!

आपल्या वस्त्यांतून असे कागद किती घरांत पडून असतील? सही करताना ते कोणी वाचून दाखवत नाही आणि आपणही जामीन राहणे हा भाऊबंदकीचा धर्म समजतो.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 चे कलम 60 प्रत्येक कामगाराने जाणून घ्यावे असे आहे. त्याच्या परंतुकातील खंड (छ), म्हणजे इंग्रजीतला ‘जी’, सांगतो की सरकारच्या, स्थानिक संस्थेच्या किंवा अन्य कोणत्याही मालकाच्या निवृत्तिवेतनधारकास मिळणारे निवृत्तिवेतन व उपदान जप्त करता येत नाही. ‘अन्य कोणत्याही मालकाच्या’ हे शब्द 1976 च्या दुरुस्तीने आले. त्याआधी खासगी कारखान्यातला कामगार या छत्राबाहेरच होता. सरकारी पेन्शनला तर 1871 च्या पेन्शन कायद्याचेही संरक्षण आहे. आणि त्या ‘हरकत नाही’ च्या कागदाचे काय? कलम 60 (1अ) म्हणते, हे संरक्षण सोडून देण्याचा करारच निरर्थक आहे. सही खरी असली तरी करार पोकळ.

राहिला ठेवीचा प्रश्न. भविष्य निर्वाह निधीचे पैसे कामगाराच्या हाती पडेपर्यंत त्यांचे स्वरूप बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली म्हटले होते. त्याचा अर्थ उलटा फिरवून, हाती पडले की संरक्षण संपले, असा वाद घातला जात असे. नोव्हेंबर 2008 मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या एका वसुली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवृत्तीची रक्कम मुदत ठेवीत घातली म्हणून तिचे संरक्षण जात नाही. आम्ही याच निवाड्याच्या आधारे कलम 47 खाली अर्ज केला. सात महिने तारखा पडल्या, पण ठेव सुटली.

ठेव सुटली, कर्ज सुटले नाही. हा फरक आमच्या पक्षकाराला समजावताना आम्हाला घाम फुटला. कर्जातून मान सोडवायची तर नादारीचा अर्ज करावा लागतो. मुंबई शहरात 1909 चा कायदा आणि उच्च न्यायालय, बाकी महाराष्ट्रात 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय. नादार ठरलेल्याची मालमत्ता रिसीव्हरकडे जाते, हे खरे. पण 1920 च्या कायद्याचे कलम 28 (5) स्पष्ट आहे : जे जप्त होऊ शकत नाही, ते नादाराच्या मालमत्तेत धरायचेच नाही. म्हणजे पेन्शन व ग्रॅच्युइटी रिसीव्हरच्याही हाताबाहेर. ‘नादार म्हटलं तर पोरीला स्थळ येईल का?’ हा त्यांचा प्रश्न मात्र कोणत्याच कलमात बसत नव्हता. मोठमोठे उद्योगपती कर्ज बुडवून परदेशात राहतात, त्यांच्या मुलींची स्थळे काही अडत नाहीत, असे आम्ही म्हणालो. ते हसले नाहीत.

काही गोष्टी बजावून सांगाव्या लागतात. अर्जाआधी घाईघाईने पैसे मुलाच्या नावावर करू नयेत. हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत नादारी आली, तर असे हस्तांतर रद्द होऊ शकते, आणि सुरक्षित असलेली रक्कम आपल्याच हाताने वादात पडते. ठेवीची पावती स्वतःच कर्जासाठी तारण दिली असेल, तर प्रश्न निव्वळ जप्तीचा राहत नाही. आणि बायकोच्या पोटगीपुढे हे छत्र चालत नाही : 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोटगीसाठी पेन्शन जप्त होऊ शकते, असे म्हटले आहे. ते योग्यच आहे. टाकलेल्या बाईची भाकरीही भाकरीच असते.

2016 च्या दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाचे प्रकरण आहे. वर्षाला 60 हजारांपेक्षा जास्त उत्पन्न नाही, कर्ज 35 हजारांच्या आत, स्वतःचे घर नाही, अशा माणसाचे कर्ज माफ व्हावे अशी तरतूद. पण डिसेंबर 2019 मध्ये व्यक्तींसाठीचा जो भाग लागू केला, तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. मोलकरणीचे, हमालाचे दार बंदच ठेवले. कंपनीच्या जामीनदाराला नवा कायदा आणि सफाई कामगाराच्या जामीनदाराला इंग्रजांच्या काळातला, हा न्याय कोणता?

तोवर निवृत्त बांधवांनी एवढे करावे : निवृत्तीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, तिच्यात दुसरे पैसे मिसळू नयेत. ग्रॅच्युइटी मंजुरीचा आदेश आणि पैसे जमा झाल्याची पासबुकातली नोंद जपून ठेवावी, कारण पैसा कुठून आला हे आपल्यालाच दाखवावे लागते. आमच्या पक्षकाराच्या पिशवीत तो आदेश नव्हता. नगरपरिषदेतून त्याची प्रत मिळवण्यातच दोन महिने गेले.