मुरमावरची मुशाफिरी

घाट नाही, सिग्नल नाही, मागून कर्कश हॉर्न नाही. दौंड-शिरूरच्या सपाटीवर, कालव्याच्या कडेनं सायकल दामटायची तर दोनच गोष्टी लागतात: थोडे जाड टायर आणि थोडी कमी घाई!

पुण्यातल्या सायकलवाल्यांचा वीकएण्ड ठरलेला. रविवारी पहाटे सिंहगड, फारच अंगात आलं तर लोणावळा. चढ चढायचा, फोटो काढायचा, भजी हाणायची आणि ट्रॅफिकमधून जीव मुठीत धरून घरी यायचं. मजा आहे, नाही कोण म्हणतंय? पण या सगळ्यात पूर्वेकडं कुणी बघतच नाही. सोलापूर हायवे म्हटलं की डोळ्यांपुढं नुसते ट्रक येतात. प्रत्यक्षात यवत किंवा केडगावला हायवे सोडून दोन-तीन किलोमीटर आत वळलात, की ट्रक संपतात आणि ऊस सुरू होतो.

जगात सध्या 'ग्रॅव्हल रायडिंग'ची हवा आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावात २००६ साली शेतांमधल्या खडीच्या रस्त्यांवर २०० मैलांची शर्यत सुरू झाली. आज ती 'अनबाउंड ग्रॅव्हल' नावानं गाजतेय. २०२२ पासून तर या प्रकाराची वर्ल्ड चॅम्पियनशिपही भरते. आपल्याकडं या खेळाला नाव नव्हतं, रस्ते मात्र पूर्वापार आहेत. पाणंद, शिवरस्ता, कालव्याचा सर्व्हिस रोड... मुरूम टाकलेला, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेला, दोन्ही बाजूंना बाभळी. ही लाखभराची सायकल घेतल्याशिवाय जमत नाही, असं दुकानदार सांगेल. सांगू दे. साधी हायब्रिड किंवा एमटीबी झकास चालते.

पाण्याच्या मागं मागं

दौंडमध्ये राइडचा नकाशा आखायची गरज नाही, कालवा धरायचा. खडकवासल्यातून निघणारा नवा मुठा उजवा कालवा तब्बल २०२ किलोमीटर धावतो. पुणे शहर ओलांडून हवेली, दौंड करत थेट इंदापूरपर्यंत. कालवा उताराचा अंदाज घेत वळणं घेतो, त्यामुळं त्याच्या काठचा रस्ताही असाच जवळजवळ सपाट, लांबच लांब. गिअर बदलायचंसुद्धा विसरायला होतं.

आता जरा विचार करा. सकाळी तुमच्या फ्लॅटमधल्या नळाला जे पाणी आलं, त्याचंच हे सख्खं भावंड! खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी पाणी मावतं. त्यातून आधी शहर पितं आणि उरलेलं 'आवर्तन' म्हणून शेताला सुटतं. आवर्तन म्हणजे पाळी. कालवा बारमाही वाहत नाही. रब्बीचं आवर्तन, उन्हाळी आवर्तन, कधी आणि किती सोडायचं, यावर दर वर्षी कालवा समितीची बैठक रंगते. पेपरात ती बातमी आपण पान उलटून सोडून देतो. इथं बांधावर थांबलात की कळतं, एक पाळी हुकली तर समोरचा कांदा किंवा गहू वाळून जातो.

आणि आपण वापरून टाकलेलं पाणी? तेही इथंच येतं, महाराजा! मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी जुन्या, म्हणजे 'बेबी' कालव्यात सोडलं जातं. धरणाचं तेवढं पाणी शहराला मिळावं, हा त्यामागचा सौदा. काठानं जाताना कुठंकुठं नाकाला रुमाल लावावा लागतो, पाण्यावर फेस दिसतो. पिकाला पाणी तर हवंय, पण हे असलं पाणी विहिरीत उतरतंय, ही इथली जुनी तक्रार आहे. आपल्याला पुढच्या पुलावरून वळता येतं, बांधावरच्या माणसाला नाही.

एरवी हाच कालवा परिसरातल्या तळ्यांनाही जीव देतो. नाथाचीवाडीचा माटोबा तलाव, वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव. हिवाळ्यात तिथं बदकं उतरतात. दुर्बीण नसली तरी चालेल, कडेला सायकल आडवी टाकून दहा मिनिटं गप्प बसलात तरी पुष्कळ दिसतं.

गुळाचा वास आणि तीन हजार वर्षांचा पाट

केडगावकडून उत्तरेला राहू, पारगाव या बाजूला वळा. मुळा-मुठा आणि भीमा यांच्यामधली ही काळीभोर जमीन. इथं गुऱ्हाळं शोधावी लागत नाहीत, वाऱ्यावर वास येतो. मोठ्या काहिलीत रस उकळतोय, खाली चुलवाण धगधगतंय, गुळव्या फेसाकडं बघून पाक झाला की नाही ते ठरवतोय. गरम काकवी मिळाली तर सोडू नका. कुठल्याही एनर्जी जेलच्या तोंडात मारेल!

पारगावला भीमा ओलांडली की शिरूर तालुका. न्हावऱ्यावरून पूर्वेला मांडवगण फराटा, इनामगाव. चिंचणीच्या घोड धरणाचं पाणी या बाजूला खेळतं. इनामगाव मात्र चुकवू नका. घोड नदीच्या काठावरच्या या गावी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात इथं शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून जास्त घरं सापडली, घरांच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली लहान मुलं सापडली, आणि चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक माणूसही.

आणखी एक गोष्ट सापडली. बांध आणि पाट! म्हणजे आज सायकलच्या शेजारनं वाहतंय तसलंच काहीतरी, तीन हजार वर्षांपूर्वीचं. बार्लीचं पीक घेणाऱ्या त्या लोकांनाही पाणी वळवावं लागत होतं. शेवटच्या काळात मोठ्या चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटलं, शेती परवडेना, असा अभ्यासकांचा निष्कर्ष. आज तिथं तिकीट-बिकीट, गाइड-बिइड यांची अपेक्षा ठेवू नका. नदी, टेकाड आणि पायाखाली खापरं. खापरं उचलून खिशात घालायची नाहीत, एवढं कळतंच.

ऊस दिसतो, बिबट्या दिसत नाही

आता थोडं गंभीर. शिरूरच्या उसात बिबटे राहतात, आणि ही व्हॉट्सअॅपवरची अफवा नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तालुक्यातल्या पिंपरखेड भागात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसं गेली. संतापलेले लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर तिथल्या बायाबापड्या शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या. हे वाचून अंगावर काटा आला ना? शेतीची वीज पाळीनं येते. रात्रीची पाळी आली की माणसाला बॅटरी घेऊन दारं धरायला जावंच लागतं, त्याला पर्याय नसतो.

आपल्याला असतो. म्हणून 'पहाटे चारला निघू' हा सिंहगडी हिशेब इथं बंद. लख्ख उजाडल्यावर सायकल काढायची, दिवस मावळायच्या आत हायवे किंवा गाव गाठायचं, उसाच्या फडाला खेटून एकट्यानं बसायचं नाही. गावकरी 'तिकडनं नका जाऊ' म्हणाले तर वाद न घालता वळायचं. कालव्याचा रस्ता जलसंपदा खात्याचा असतो. पाटकऱ्यानं अडवलं तरी हेच. आणि उन्हाचा कितीही तडाखा असला तरी कालव्यात उतरायचं नाही. गुळगुळीत काठावरून वर येता येत नाही.

कधी, कसं?

डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात काळी माती टायरला अशी चिकटते की चाक फिरायचं थांबतं, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मार्चनंतर दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो. तो पुण्याकडं परतताना थेट तोंडावर येतो, चढ परवडला! कारखान्यांचा हंगाम चालू असतो तेव्हा डांबरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यांना मोकळी वाट द्या. बाभळीच्या काट्यांसाठी माणशी दोन ट्यूब, पंक्चर किट आणि पंप हवाच. आतल्या भागात सायकलचं दुकान गावेलच असं नाही. सायकल कारच्या कॅरिअरवर केडगावपर्यंत न्या, किंवा पार्सलमध्ये बुक करून पुणे-दौंड गाडी पकडा.

दोन दिवस असतील तर दौंडहून भीमेच्या काठाकाठानं राजेगाव, खानोट्याकडं उतरा. तिथं उजनीचं बॅकवॉटर लागतं. थंडीत चित्रबलाक, चक्रवाक आणि नशीब असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. भूक लागली की भिगवणला माशांचं ताट. चिलापी फ्राय सांगा, रस्सा वाढून मागा.