ऑनलाइन गेम 'संपतो' कसा? मुलांना परवाना-करार समजावताना



मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा माझ्याकडे आला. गाड्यांच्या शर्यतीचा एक जुना गेम घ्यायला त्याने दिवाळीपासून पैसे साठवले होते. वडिलांनी कॉम्प्युटरवर शोधलं, तर तो विकायलाच नव्हता. मामेभावाकडे मात्र तोच गेम मस्त चालतो. त्याचा प्रश्न होता, "मॅडम, गेम काय पोत्यातली साखर आहे का संपायला?"

प्रश्न बरोबरच आहे. डिजिटल वस्तूचा साठा संपत नाही. संपतो तो करार.

एका गेमचे अनेक मालक

शर्यतीच्या गेममध्ये खऱ्या कंपन्यांच्या गाड्या असतात. गाडीचं नाव, तिचं बोधचिन्ह आणि तिची ओळखीची घडण यांवर त्या त्या कंपनीचा हक्क असतो. गेममधल्या रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांचे हक्क संगीत कंपन्यांकडे असतात. गेम बनवणाऱ्याला या प्रत्येकाकडून परवानगी, म्हणजेच परवाना, घ्यावा लागतो. त्यासाठी पैसे मोजावे लागतात आणि बहुतेक परवान्यांना मुदत असते.

मुलांना सांगताना मी भाड्याच्या घराचं उदाहरण देते. अकरा महिन्यांचा करार संपला की घर पाडत नाहीत, पण नवा करार केल्याशिवाय तिथे राहता येत नाही. इथे तर घरमालक एक नाही, डझनावारी आहेत! गेम जुना झाला, विक्री कमी झाली, की सगळ्यांशी पुन्हा करार करणं परवडत नाही. मग कंपनी विक्रीच थांबवते.

एक प्रत्यक्ष उदाहरण

'फोर्झा होरायझन ४' हा मायक्रोसॉफ्टचा गाजलेला गेम २०१८ मध्ये आला. ब्रिटनमधले रस्ते आणि सुरुवातीलाच ४५० हून जास्त गाड्या. १५ डिसेंबर २०२४ ला त्याची डिजिटल विक्री बंद झाली. कारण परवान्यांची मुदत. त्याआधीचा 'फोर्झा होरायझन ३' २०१६ मध्ये आला आणि २०२० मध्ये विक्रीतून गेला. म्हणजे गेम खराब झाला नव्हता, लोकांना नकोसाही झाला नव्हता.

ज्यांनी हे गेम आधी घेतले होते, त्यांना ते पुन्हा डाउनलोड करून खेळता येतात. नवीन माणसाला मात्र दार बंद. मामेभावाकडे आहे आणि आपल्याला मिळत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

विक्री बंद होणे आणि गेम बंद होणे

इथे पालकांचा गोंधळ होतो, म्हणून तीन गोष्टी वेगळ्या करून पाहू.

१) फक्त विक्री बंद : जुन्या ग्राहकाचा गेम चालू राहतो. फोर्झाचं असंच झालं.

२) गेममधला काही भाग जातो : 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' हा शर्यतीचा गेम नाही, आणि मुलांसाठी तर नाहीच, पण उदाहरण बोलकं आहे. २००८ च्या या गेममधली बरीच गाणी दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, अपडेट देऊन काढली गेली. गेम विकायला राहिला, पण आधी घेतलेल्यांच्या कॉम्प्युटरवरूनही गाणी गेली.

३) गेमच बंद : युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा शर्यतीचा गेम एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागायचं. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले. त्या दिवसापासून पैसे देऊन घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही ग्राहकांची मोहीम उभी राहिली.

मग आपण विकत काय घेतो?

खरं सांगायचं तर डिजिटल दुकानात आपण बहुधा गेम घेत नाही, तो वापरायची परवानगी घेतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदाच आहे. विक्रेत्याने 'खरेदी करा' असं लिहिलं, तर हा फक्त परवाना आहे हेही ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. कायमचा डाउनलोड करून इंटरनेटशिवाय वापरता येणाऱ्या वस्तूंना यातून सूट आहे.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

• फळ्यावर दोन रकाने करा : 'माझे झाले' आणि 'वापरायला मिळाले'. पेन्सिल, वाचनालयाचं पुस्तक, सायकल, अॅपवरचं गाणं, ऑनलाइन गेम कुठे बसतात ते मुलांनाच ठरवू द्या. वाद होऊ द्या, त्यातूनच समजतं.

• गेम घेण्याआधी मुलासोबत दोन गोष्टी वाचा : इंटरनेटशिवाय चालतो का? विक्री किंवा सर्व्हर बंद होण्याची तारीख जाहीर झाली आहे का?

• विक्री बंद झालेल्या गेमची डिस्क जुन्या बाजारात मिळू शकते. पण काही डिस्कनाही सर्व्हर लागतो, ते आधी विचारा. अनोळखी साइटवरून 'फुकट' गेम उतरवणं हा मात्र मार्ग नव्हे. त्यातून व्हायरस येऊ शकतो.

हे सगळं ऐकून आमच्या पठ्ठ्याने एवढंच विचारलं, "म्हणजे मी उशीर केला म्हणून नाही ना?" नाही रे बाळा. पैसे साठवून घ्यायची त्याची सवय चांगलीच आहे. घेतोय ते किती दिवस आपलं राहील, हे आधी बघायची सवय मात्र त्याला आपणच लावायला हवी.