उन्हात राबणाऱ्यांनाच ऊन मिळेना!

दिंडोरीत ऊन कमी पडते असे कोणी म्हटले तर लोक त्याला वेड्यात काढतील. तरीही 'ड जीवनसत्त्व फार कमी' असा रिपोर्ट घेऊन आमवाताची बाई नाशिकहून परतते, तेव्हा घरच्यांना ते खरे वाटत नाही. दिवसभर उन्हातच तर असते ती! आम्हालाही आधी असेच वाटत होते.

द्राक्षबागेत शिरून पाहिले की कोडे सुटते. वेली मांडवावर चढवलेल्या. विरळणी, डिपिंग, काढणी ही सारी कामे त्या मांडवाच्या सावलीत. अंगावर साडी, तिच्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यातोंडाला रुमाल, कारण ऊनही नको आणि फवाऱ्याचे औषधही नको. उघडे राहतात ते डोळे आणि बोटे. ज्या किरणांमुळे कातडीत हे जीवनसत्त्व तयार होते ते भर दुपारी सर्वात जोमदार असतात, आणि नेमकी तीच वेळ भाकरी खायला सावली शोधण्याची. त्यात सावळ्या कातडीला गोरीपेक्षा जास्त वेळ ऊन लागते. मग कष्टकरी बाईच्या अंगात ड जीवनसत्त्व येणार कुठून?

हाडांसाठी ते लागते हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीही ते वापरतात, हे कमी लोकांना माहीत असते. आमवात, ल्यूपस यांसारख्या आजारांत या रक्षक पेशी घरच्याच माणसांवर काठी उगारतात. अशा रुग्णांत ड जीवनसत्त्व कमी असल्याचे वारंवार आढळते. मात्र कमतरतेमुळे आजार झाला, की आजाराने माणूस घरात बसला म्हणून कमतरता आली, याचा निकाल सोपा नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत २५ हजारांहून अधिक लोक होते. ज्यांनी सुमारे पाच वर्षे रोज २००० युनिट घेतले त्यांच्यात असे नवे आजार २२ टक्क्यांनी कमी दिसले. पण ही गोष्ट नव्या आजाराची. जडलेला आमवात ड जीवनसत्त्वाने बरा होतो, असे कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

ल्यूपसच्या रुग्णाची अडचण तर विचारूच नका. उन्हाने त्याचा आजार भडकतो, म्हणून डॉक्टर ऊन टाळायला सांगतात; आणि गावातला शहाणा म्हणतो, उन्हात बस, फुकटचे औषध आहे! अशा रुग्णाला गोळीच हवी. आमवातावर दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल तर हाडे ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियमबरोबर ड जीवनसत्त्वही दिले जाते. ते महागडे टॉनिक समजून बंद करू नये. उलट सार्कॉइडोसिस नावाच्या विकारात रोगी पेशी स्वतःच त्याचे सक्रिय रूप बनवतात. तिथे वरून दिलेला डोस रक्तातले कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो. साठ हजार युनिटची पुडी साधारणपणे आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच असते. ती रोज खाणे किंवा दर दुखण्याला इंजेक्शन टोचून घेणे हा उपचार नव्हे.

आता आम्हाला विचारायचे आहे ते पैशांचे. ही तपासणी स्वस्त नाही, बाईची रोजंदारी बुडते ती वेगळीच. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी अडारकरांची नेमणूक झाली, त्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा आला. तो कारखान्यातल्या कामगाराला मिळाला, बागेतली मजूर बाई आजही त्याच्या बाहेर आहे.

आणि ताटाचे काय? प्रौढाला रोज ६०० युनिट लागतात असे आयसीएमआरने २०२० साली ठरवले. अंड्याच्या बलकात त्यातले चाळीसेक मिळतात. तारली, बांगडा अशा तेलकट माशांत अधिक. पोषण वाढवलेला रेशनचा तांदूळ लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ देतो, ड देत नाही. ड जीवनसत्त्व घातलेले तेल-दूध बाजारात मिळते, पिशवीवर निळे '+एफ' चिन्ह पाहून घ्यावे. पण सुट्या तेलावर भागवणाऱ्याने ते चिन्ह शोधायचे कुठे? शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. अंडे द्यायचेच असेल तर लोकवर्गणी गोळा करा, म्हणाले. वर्गणी देणार कोण? त्या पोरांच्या आया तर मांडवाखाली विरळणी करताहेत.