ईसीएचएस : फौजी कुटुंबांना खरंच परवडते का?

फौजेतून रिटायर झालेल्या आपल्या भावांच्या घरी हा सवाल नेहमी निघतो : ईसीएचएस फायद्याची, की नुसती कार्डापुरती? जरा हिशोबाने पाहू.

ही योजना 1 एप्रिल 2003 पासून सुरू आहे. वर्गणी एकदाच भरायची. हवालदारापर्यंतच्या दर्जाला ती 30,000 रुपये. समजा मियां-बीवीने 20 वर्षे इलाज घेतला, तर वर्षाला पडले फक्त 1,500 रुपये! शिवाय वयाची अट नाही, जुना आजार असला तरी नकार नाही. अवलंबून असलेले अम्मी-अब्बाही यात येतात.

मग सरकारला हे परवडते कसे? आधी पॉलिक्लिनिक, तिथल्या डॉक्टरांची रेफरलची चिठ्ठी, मगच पॅनेलवरचे हॉस्पिटल. दरही ठरलेले. त्यामुळे विनाकारण तपासण्या आणि फुगवलेली बिले यांना लगाम बसतो.

पण खर्च वाचला म्हणजे योजना यशस्वी, असे नाही. बिले थकली की हॉस्पिटले कॅशलेसला टाळाटाळ करतात. पॉलिक्लिनिक लांब असेल तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी सरकारी हिशोबात येत नाही. एखादी बेवा ते सोसते, नाहीतर गोळ्याच सोडते. शुगर-बीपीची गोळी सुटली की पुढे डायलिसिस. म्हणजे शेवटी सरकारलाही महागच!

म्हणून कार्ड अपडेट ठेवा, गोळ्या चुकवू नका. इमर्जन्सीत जवळचे हॉस्पिटल गाठा, मात्र 48 तासांत पॉलिक्लिनिकला कळवा.