ठोठावलेली शिक्षा आणि भोगलेली शिक्षा

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्यामुळे मेंदूला इजा झाली आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. हल्लेखोराला जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न या दोन गुन्ह्यांबद्दल प्रत्येकी सात वर्षांची कैद झाली. दोन्ही शिक्षा एकत्रच भोगायच्या होत्या. १९८० साली तो सुटला. अरुणा शानबाग त्याच रुग्णालयातील एका खोलीत १८ मे २०१५ पर्यंत जगल्या. एकाची सात वर्षे आणि दुसरीची साडेएक्केचाळीस, असा हा हिशेब आहे आणि तो कोणत्याही तराजूत बसत नाही.

कुप्रसिद्ध गुन्हेगार तुरुंगाबाहेर पडला की प्रत्येक वेळी हाच हिशेब मांडला जातो. लोक संतापतात, वर्तमानपत्रांत पत्रे येतात, ‘एवढीच का शिक्षा?’ असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. परंतु तो बहुधा चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या व्यक्तीला विचारला जातो. शानबाग प्रकरणच पाहा. त्या हल्लेखोरावर लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नव्हता. लोकलज्जेपायी तसे झाले, असे सांगितले जाते. शिवाय खुनाच्या प्रयत्नात इजा झाली असेल तर भारतीय दंडविधानाच्या ३०७व्या कलमान्वये जन्मठेपेपर्यंत शिक्षा देता येत होती. कायद्यात जागा होती, ती वापरली गेली नाही. म्हणजे १९८० साली तुरुंगाचे दार उघडणाऱ्या शिपायाने काही सवलत दिली नाही. सवलत त्याच्या कितीतरी आधी, आरोपपत्र लिहिताना आणि शिक्षा सुनावताना दिली गेली होती. शिक्षा ही गुन्ह्याला होत नसते, सिद्ध झालेल्या आरोपाला होत असते. या दोहोंत जेवढे अंतर, तेवढाच अन्याय उरतो; तुरुंगाच्या दाराशी येऊन तो फक्त दिसू लागतो.

अर्थशास्त्रात पैशाचे दर्शनी मूल्य आणि वास्तव मूल्य असा भेद करतात. शंभराच्या नोटेवर शंभर लिहिलेले असते, तिने बाजारात काय मिळते ही गोष्ट वेगळी. शिक्षेचेही तसेच आहे. न्यायाधीश ‘जन्मठेप’ असे उच्चारतात, ही दर्शनी किंमत. कैदी प्रत्यक्षात किती वर्षे आत काढतो, ही वास्तव किंमत. चलनाची दोन मूल्ये फार दूर गेली की लोकांचा नोटेवरचा विश्वास उडतो; न्यायालयाच्या शब्दाबाबतही याहून निराळे घडत नाही.

जन्मठेप म्हणजे किती वर्षे?

या बाबतीत सुशिक्षितांमध्येही केवढा गैरसमज आहे! जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे शिक्षकांपासून कारकुनांपर्यंत अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. गोपाळ गोडसे यांनी महाराष्ट्र राज्याविरुद्ध केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच निर्णय दिला की, जन्मठेप म्हणजे कैद्याच्या उरलेल्या संपूर्ण आयुष्याची कैद. तुरुंगात चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळालेले सुटीचे दिवस धरले तर आपली वीस वर्षे पुरी होतात, असे गोडसे यांचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की, वीस वर्षांचा आकडा दंडविधानात केवळ शिक्षेचे अपूर्णांक मोजण्यासाठी आहे. सरकारने शिक्षा माफ केल्याशिवाय जन्मठेपेचा कैदी हक्काने बाहेर पडू शकत नाही.

मग चौदाचा आकडा आला कोठून? फौजदारी प्रक्रिया संहितेत १९७८ साली ४३३-अ हे कलम घालण्यात आले. ज्या गुन्ह्याला फाशीचीही शिक्षा होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षे तुरुंगात काढल्याखेरीज कैद्याला सोडता येणार नाही, असे हे कलम म्हणते. त्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने मारू राम खटल्यात १९८० साली मान्य केली. हे कलम आले ते सवलत देण्यासाठी नव्हे, सवलतीला आळा घालण्यासाठी. कारण त्यापूर्वी काही कैदी याहूनही लवकर सुटत होते. कायद्याने घातलेला तळ लोकांनी छत समजून घेतला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद कायम आहे.

चौदा वर्षांनंतर सोडायचे की नाही, हे ठरवते राज्य सरकार. येथे खरी गुंतागुंत सुरू होते. प्रत्येक राज्याचे धोरण वेगळे, एकाच राज्याचे निरनिराळ्या सालांतले धोरणही वेगळे. गुन्ह्याचे स्वरूप, कैद्याचे वय, तुरुंगातील वर्तन यांनुसार कोष्टके केलेली असतात आणि कोणत्या सालचे कोष्टक लावायचे यावर वर्षानुवर्षे न्यायालयांत वाद चालतात. राज्यघटनेच्या ७२ व १६१ या अनुच्छेदांन्वये राष्ट्रपती व राज्यपाल यांना असलेला माफीचा अधिकार आणखी निराळाच.

बिल्किस बानो खटल्यात ही सारी गुंतागुंत एकत्र आली. गुजरातमध्ये मार्च २००२ मध्ये घडलेल्या या सामूहिक बलात्कार व हत्याकांडाचा खटला निःपक्षपातीपणे चालावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो मुंबईत हलवला. मुंबईच्या विशेष न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप दिली आणि २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने आपल्या १९९२ च्या धोरणानुसार त्या अकराही जणांना गोध्र्याच्या तुरुंगातून सोडून दिले. मुदतपूर्व सुटकेला मुंबईच्या विशेष न्यायाधीशांचा विरोध होता, तपास करणाऱ्या केंद्रीय अन्वेषण विभागाचाही होता. महाराष्ट्राच्या २००८ च्या धोरणानुसार पाहिले तर अशा गुन्ह्याला किमान अठ्ठावीस वर्षे काढावी लागली असती. एकच निकालपत्र, एकच गुन्हा. हिशेब करणारी कचेरी बदलली आणि चौदा वर्षांचा फरक पडला.

८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सुटका रद्द केली. जेथे शिक्षा झाली तेथल्या सरकारलाच, म्हणजे महाराष्ट्र सरकारला, निर्णयाचा अधिकार होता, असे न्यायालयाने म्हटले. वस्तुस्थिती दडवून आधीचा आदेश मिळवल्याबद्दल ताशेरेही ओढले. त्याच महिन्यात अकराही जण तुरुंगात परतले. मात्र हा निर्णय अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर झाला आहे, हे विसरता कामा नये. योग्य सरकारने योग्य कागद पुरे करून असाच निर्णय घेतला असता तर तो कितपत तपासता आला असता, हा प्रश्न उरतोच.

हार आणि पूजा

सुटकेपेक्षाही लोकांच्या मनात सलली ती तुरुंगाबाहेर त्या अकरा जणांच्या गळ्यात पडलेल्या हारांची आणि वाटलेल्या मिठाईची छायाचित्रे. महाराष्ट्राला हे दृश्य नवे नाही. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप भोगून गोपाळ गोडसे ऑक्टोबर १९६४ मध्ये बाहेर आले, तेव्हा पुढच्याच महिन्यात पुण्यात त्यानिमित्त सत्यनारायणाची पूजा घालण्यात आली होती. या समारंभात ग. वि. केतकर यांनी हत्येच्या कटाची आपल्याला पूर्वकल्पना होती असे सांगितले आणि देशभर गदारोळ उठला. त्यातूनच पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि गोडसे यांना पुन्हा काही काळ स्थानबद्ध करण्यात आले. शिक्षा भोगून झालेल्या माणसाला समाजात जागा मिळालीच पाहिजे, त्याशिवाय तुरुंगाला अर्थ नाही. पण जागा देणे वेगळे आणि सत्कार करणे वेगळे. सत्कारात शिक्षाच चुकीची होती असे म्हणणे दडलेले असते.

तथापि, लोकभावनेच्या हाती किल्ल्या द्याव्यात, असा याचा अर्थ होत नाही. नौदलातील कमांडर नानावटी यांनी एप्रिल १९५९ मध्ये पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली. परंतु लोकमत, एक लोकप्रिय साप्ताहिक आणि प्रतिष्ठितांचे मंडळ त्यांच्या बाजूने होते. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. त्या वेळी शिक्षा फार थोडी भोगली गेली म्हणून कोणी मोर्चे काढले नाहीत. प्रसिद्धी ही दुधारी असते. आरोपी रुबाबदार असेल तर ती त्याला सोडवते, नसेल तर गाडते.

उलट बाजूचे उदाहरण दिल्लीचे. १६ डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारातील एक आरोपी अठरा वर्षांहून काही महिन्यांनी लहान होता. तीन वर्षे सुधारगृहात काढून तो २० डिसेंबर २०१५ रोजी सुटला. दोनच दिवसांनी राज्यसभेने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांवर भीषण गुन्ह्यांसाठी प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट मोकळी करणारे विधेयक संमत केले. जो सुटला त्याला हा कायदा लावता येत नव्हता, कारण घटना पूर्वलक्षी शिक्षा मानत नाही. त्याच्यावरचा राग त्याच्यानंतर येणाऱ्या अनोळखी मुलांवर निघाला.

शिक्षा वाढवली की गुन्हे कमी होतात, ही समजूत या साऱ्यामागे असते. इटलीच्या बेकारियाने १७६४ मध्येच लिहून ठेवले आहे की, शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री अधिक परिणामकारक असते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात गुन्हेगार पकडला जाण्याची शक्यता आणि शिक्षेची तीव्रता यांचा एकत्र विचार मांडला. शक्यताच नगण्य असेल, तर तीव्रता वाढवून काय साधणार? भारतातील तुरुंगांत आज सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत. त्यांना अद्याप कोणीही दोषी ठरवलेले नाही, पण वास्तव शिक्षा ते भोगतच आहेत. एकीकडे ठोठावलेली शिक्षा न भोगणारे आणि दुसरीकडे न ठोठावलेली भोगणारे, हे एकाच यंत्रणेचे दोन टोकांचे उत्पादन आहे.

सरकारी दिरंगाईने तर फाशीचेही मूल्य घसरते. बालकांची अपहरणे व हत्या यांबद्दल कोल्हापूरच्या न्यायालयाने गावित भगिनींना २००१ मध्ये फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेच्या अर्जाचा निकाल लागायला जवळजवळ आठ वर्षे गेली. या विलंबाच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्या शिक्षेचे जन्मठेपेत रूपांतर केले; लगेच सोडण्याची मागणी मात्र नाकारली. ना गुन्ह्याचा पुनर्विचार झाला, ना गुन्हेगाराच्या सुधारणेचा. फायली सावकाश हलल्या, इतकेच.

या अनिश्चिततेवर न्यायालयांनी आपल्या परीने तोडगा काढला आहे. श्रद्धानंद प्रकरणात २००८ मध्ये आणि श्रीहरन प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, फाशीऐवजी जन्मठेप देताना वीस, पंचवीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत सूट नाही, असे निकालपत्रातच लिहिता येते. हा अधिकार फक्त उच्च व सर्वोच्च न्यायालयांना आहे. एवढ्याने दर्शनी व वास्तव किंमत जवळ येते हे निश्चित, पण ती आणखी जवळ यायला हवी. खुनाच्या प्रत्येक खटल्यात सत्र न्यायाधीशाने किमान मुदतीबाबत आपले मत निकालातच नोंदवावे, सरकारने पुढे ते डावलले तर कारणे लेखी आणि जाहीर द्यावीत, असा नियम करण्यात अशक्य असे काहीच नाही.

नियम कडक करणे म्हणजे सुटकाच बंद करणे, असेही नव्हे. तुरुंगात असे कितीतरी म्हातारे कैदी आहेत की ज्यांची मुदत कधीच भरली, पण अर्ज लिहून द्यायला बाहेर कोणी नाही. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्या राज्यांत माफीचे धोरण आहे तेथे पात्र कैद्याचा विचार त्याने अर्ज केला नसला तरी सरकारने स्वतःहून केला पाहिजे. कुप्रसिद्ध कैद्याला वकील असतात, त्याचा अर्ज वेळेवर पोहोचतो. नाव नसलेल्याची फाइल तुरुंग कचेरीतच पडून राहते.

आणखी एक जागा या फायलीत रिकामी असते. कारागृह अधीक्षक, पोलीस, जिल्हाधिकारी, शिक्षा देणारे न्यायालय अशा सगळ्यांची मते तिच्यात गोळा होतात. ज्याच्यावर किंवा जिच्यावर गुन्हा घडला त्या व्यक्तीचे मत मात्र मागवलेच जाईल, असे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये अकरा जण सुटल्यावर बिल्किस बानो यांनी निवेदन काढले. एवढा मोठा निर्णय घेण्यापूर्वी आपल्या सुरक्षिततेची कोणी चौकशीही केली नाही, असे त्यात म्हटले होते. संचित रजेवर किंवा अभिवचन रजेवर कैदी चार दिवस गावी जाणार असला, तरी तेथल्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवतात. कायमचा सुटणार असेल तेव्हा त्याच गावात राहणाऱ्या फिर्यादीला एक पोस्टकार्ड टाकायला किती खर्च येतो?